परखी मारलेलं पोतं

रत्नमाला पट्टेबहादूर हिचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. चारला चूल, पाचला भाकरी बांधून तयार, साडेपाचला फाट्यावर एसटी. साडेसहाला ती मंगरूळपीरच्या धान्यबाजाराच्या गेटात असते. बावीस वर्षांत ती उशिरा आल्याचं मला आठवत नाही. मी तिथं एकतीस वर्षं हमाली केली. कोण कधी आलं आणि कोणी किती उचललं, हे मला आठवतं.

तिचं काम चाळणीचं. व्यापाऱ्यानं घेतलेला सोयाबीन भरण्याआधी चाळावा लागतो. त्याला दोन बायांची जोडी लागते. एकीनं घमेल्यानं माल टाकायचा, दुसरीनं चाळणी ओढायची. चाळणीला लोखंडी पट्टीची चौकट असते. भरली की वजन बारा-तेरा किलो. पुढचं टोक उलट्या ड्रमवर ठेवायचं, मागची कड छातीला टेकवायची आणि दोन्ही हातांनी मागं-पुढं ओढायचं. कड टेकवली नाही तर सगळा भार मनगटांवर येतो आणि दुपारपर्यंत मनगटं जातात. जोडीनं दिवसाला चाळीस कट्टे, म्हणजे पोती, चाळली की दिवस भरला. रत्नमाला आणि धुरपताबाईची जोडी चव्वेचाळीस करायची. चाळणी नेहमी रत्नमालाच्या हातात.

तिचा तळहात मी पाहिला आहे. सोयाबीनमध्ये मातीचं ढेकूळ आणि खडा दिसायला सारखेच असतात. ढेकूळ दाबलं की फुटतं, खडा फुटत नाही. ती न बघता, नुसत्या बोटांनी वेगळे करायची. चूक व्हायची नाही.

चाळणी चालते त्या ओट्यावर सांडलेलं धान्य झाडून बाया घरी नेतात, त्याला झाडण म्हणतात. लिहून कोणी दिलेलं नाही, जुनी वहिवाट आहे. सांडतं ते परखीमुळं. परखी म्हणजे एका बाजूनं टोकदार, आतून पोकळ अशी वीतभर लोखंडी नळी. व्यापारी ती पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे काढतो, आणि ते बघून भाव बोलतो. परखी काढली की मागं भोक राहतं. पूर्वी तागाची पोती होती तेव्हा झाडण थोडं निघायचं. प्लास्टिकचे कट्टे आले तसं ते वाढलं. रत्नमालाच्या घरचं तेल-मीठ बावीस वर्षं या झाडणावर चाललं. नवरा दौलतराव विहिरीच्या कामावर कमरेतून गेला, तो आता दोन शेळ्या पाहतो. मुलगी संगीता वाशिमला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.

परवाच्या हंगामात, दसऱ्यानंतर, कट्ट्यांची थप्पी घसरली. एक कट्टा चाळणीच्या पुढच्या टोकावर पडला आणि मागची कड रत्नमालाच्या डाव्या छातीत बसली. ती खाली बसली. पाणी प्यायली. पाव तासानं उठली. त्या दिवशी जोडीचे अडतीस झाले. मी हमाली सोडून दोन वर्षं झाली होती, पण सकाळी गेटाजवळच्या चहाच्या टपरीवर बसायची सवय राहिली होती. तिथून ओटा सरळ दिसतो.

दिवाळी झाली. एक दिवस पाहिलं तर तिनं चाळणीची कड पोटावर घेतली होती. पोटावर कड घेऊन चाळणी ओढता येते, पण झोका बसत नाही. दोन वाजेपर्यंत तेरा कट्टे. संध्याकाळी सत्तावीस. दुसऱ्या दिवशी सव्वीस. धुरपताबाई घमेलं घेऊन नुसती उभी.

धुरपताबाई अठ्ठावन्नची. तोंडाला कुलूप नाही. तिनं ओट्यावरूनच मला हाक मारली, "गुलाबभाऊ, पाहा हो हिले! चाळणी अशी धरली, जसं लेकरू कडेवर घेतलं. मी काय हिच्यासंगं पाळणा म्हणू?"

रत्नमाला हसली नाही.

"काहून वं? पोटात दुखून राह्यलं काय?"

"काई नाई. तू माल टाक."

"टाकू कुठं? पहिलाच संपला नाई."

 माणूस बावीस वर्षांची पकड उगाच बदलत नाही. पाठ गेली की हमाल उजव्याऐवजी डाव्या खांद्यावर पोतं घेतो, आणि त्याला विचारलं तर तोही काही नाही म्हणतो. दुपारच्या भाकरीच्या वेळी मी धुरपताबाईला बाजूला बोलावून सांगितलं, छातीची कड सोडली आहे, तिथंच काहीतरी आहे. विचार.

पुढचं मला धुरपताबाईनं सांगितलं ते लिहितो.

गोदामाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, तिनं रत्नमालाला धरलं. रत्नमालानं आधी नाही म्हटलं, मग पदर बाजूला केला. डाव्या बाजूला, जिथं चौकट बसली होती तिथं, सुपारीएवढी गाठ. वरची कातडी जराशी आत ओढलेली. तीन आठवडे झाले होते. आंघोळ करताना हाताला लागली होती.

"दुखते काय?"

"नाई. दुखली असती तर बरं झालं असतं. दुर्गाबाईलेबी दुखत नव्हती."

"दाबून पाहिली?"

"रोज पाहतो. फुटत नाई, हलत नाई. खडा हाये, धुरपते. ढेकूळ असतं तर मले समजलं असतं."

धुरपताबाईनं तेव्हा थट्टा केली नाही.

दुर्गाबाई कोण ते सांगायला हवं. तीही आमच्याच ओट्यावरची. पाच वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. दवाखान्यात सुई घालून तुकडा काढला, कॅन्सर निघाला, आणि सात महिन्यांत बाई गेली. तेव्हापासून बाजारातल्या बायांमध्ये पक्कं झालं की सुई लावली म्हणून ते पसरलं. त्याला त्यांच्याकडं पुरावाही होता. परखी मारलेलं पोतं गळतं. भोक पाडलं की आतला माल बाहेर येणारच. हे त्या रोज बघत होत्या, त्याच गळतीचं झाडण घरी नेत होत्या. कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

रत्नमालानं पदर सारखा केला आणि धुरपताबाईच्या हातात रुमालाची एक पुरचुंडी दिली. कमरेला खोचलेलीच होती.

"हे ठेव. माया झाडणाचे पैसे हायेत. माया माघारी लोकाइले चहापाणी कर, पांढरं पातळ आण. संगीतापाशी हात पसरू नको. तिले परीक्षा हाये उन्हाळ्यात."

"मेली काय तू? उभी तं हायेस."

"उन्हाळ्यापर्यंत उभी राह्यली तं बस झालं. सुई लावली तं तेवढीबी राहणार नाई."

म्हणजे तिनं स्वतःच निदान केलं होतं, आणि दिवसही मोजून ठेवले होते. परीक्षा मेमध्ये, तिथपर्यंत पोरीला कळू द्यायचं नाही, आणि कोणाला भोक पाडू द्यायचं नाही. मग पुढचं पुढं.

धुरपताबाई तिला तिसऱ्या दिवशी वाशिमच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. कशी नेली हे सांगताना तिनं मोठी फुशारकी मारली. माझ्या समजुतीनं, नुसतं दाखवायचं, सुई नाही, अशी शपथ घातली असेल.

तिथं तपासायला बाई डॉक्टर होत्या. त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या, काखेत बोटं घालून पाहिलं. सोनोग्राफी झाली, छातीचा वेगळा एक्सरे काढला. कागद समोर ठेवून त्या म्हणाल्या, "गाठ टणक आहे, कडा नीट नाहीत, कातडी ओढली गेली आहे. फोटोवरून मला स्पष्ट सांगता येत नाही. सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. गुरुवारी या."

रत्नमालानं विचारलं, "म्हंजे थेच हाये नं?"

"मी तसं म्हटलं नाही. दहा बायकांच्या गाठी तपासल्या तर आठ-नऊ साध्या निघतात. कुठं पाण्याची पिशवी असते, कुठं नुसती गुठळी. तुमची कोणती ते हातानं कळत नाही."

"माया हाताले समजते."

"माझ्या हाताला नाही कळत. मी वीस वर्षं हेच करते आहे."

"आन् मार लागला होता थितं."

"मार लागल्यानं कॅन्सर होत नाही. मारानं साधी गाठ होऊ शकते, आणि ती अशीच टणक लागते. पण मार लागला म्हणून साधीच असणार, असंही धरून बसायचं नाही. मार लागल्यावर हात तिथं जातो आणि आधीपासून असलेली गाठही सापडते. म्हणून तपासायचं."

गुरुवारी दोघी गेल्या. नाव पुकारलं तेव्हा रत्नमाला बाकावर नव्हती. धुरपताबाईनं अर्धा दवाखाना पालथा घातला. ही बाई एसटी धरून अकराला बाजारात हजर, आणि दुसऱ्या कोणाच्या जोडीला चाळणी ओढते आहे. मी टपरीवरून पाहिलं. कड पोटावर, तोंड पांढरं. माल चाळणीतून कमी आणि कडेवरून जास्त पडत होता. असं काम तिनं कधी केलं नव्हतं.

धुरपताबाई दीडला आली ती ओरडतच आली.

"पळाली! चोरावाणी पळाली! मी थितं संडासात वाकून पाहून राह्यली, रत्ने रत्ने करून! लोकं म्हनत, बाईचं रत्न हरवलं!"

चार बाया हसल्या.  रत्नमालानं चाळणी ठेवली आणि झाडू घेऊन ओटा झाडायला लागली. कट्ट्यांच्या थप्पीखाली सोयाबीनचा पिवळा पट्टा पडला होता. ती तो गोळा करत होती.

मी कुणाच्या घरच्या गोष्टीत बोलत नाही. बाईच्या आजाराबद्दल तर नाहीच. पण कोणी चुकीच्या कारणासाठी मरायला बसलं तर गप्प बसणं हाही कामचुकारपणाच आहे. मी ओट्याजवळ गेलो.

"रत्नमालाबाई, हे झाडण कशातून पडलं?"

तिनं वर पाहिलं. "कट्ट्यातून. परखीच्या भोकातून."

"कट्टा कशाचा?"

"प्लास्टिकचा."

"तागाच्या पोत्यातून किती पडायचं?"

ती थांबली. झाडू हातातच.

"तुम्ही सांगा. बावीस वर्षं तुम्ही झाडलं आहे, मी नाही."

"नोयतं पडत," ती म्हणाली. "चिमूटभर. थेबी व्यापाऱ्यानं परखी आडवी ओढली तं."

"का?"

तिला माहीत होतं. ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी त्या बाजूनं विचार केला नव्हता, एवढंच. तागाचा धागा परखीनं तुटत नाही, बाजूला सरकतो. परखी काढून टोकानं वर दोनदा घासलं की धागे जागेवर येतात आणि भोक मिटतं. प्लास्टिकची पट्टी फाटते ती फाटलेलीच राहते. मी स्वतः हजारो पोती अशी घासून बंद केली आहेत.

गोदामात जुनी तागाची पोती होती. मी एक गव्हाचं पोतं काढायला लावलं, परखी मागून घेतली, खुपसली, काढली, घासलं. मग पोतं उचलून आपटलं. माझं वय सत्तरच्या पुढं आहे, एकट्याला उचललं नाही, दोघांनी उचललं. खाली चार दाणे पडले.

"मला डॉक्टरकी येत नाही," मी म्हणालो. "पोत्याचं येतं. भोक पाडलं की गळतंच, हे खोटं आहे. माणसाची कातडी ताग की प्लास्टिक, हे डॉक्टरला विचारा. पण विचारा. पळून येऊ नका."

तिनं वाकून ते चार दाणे मोजले. मग म्हणाली, "मंग दुर्गाबाई कशी गेली?"

याचं उत्तर धुरपताबाईकडं होतं. पाच वर्षं तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण दुर्गाबाईनं तिला शपथ घातली होती. आता मात्र तिचा आवाज खाली आला.

"तिनं दोन वरसं लपवलं होतं. दोन वरसं, रत्ने. मले दाखवलं तवा फुटाले आली होती. सुईनं नाई गेली थे. दवाखान्यात गेली तवाच पसरलं होतं. मी बोलली नाई."

"पाच वरसं आमाले सुईले शिव्या देऊ देल्ल्या?"

"देल्ल्या. मार आता मले."

रत्नमालानं मारलं नाही. झाडणाची टोपली तिथंच ठेवून ती पाण्याच्या टाकीकडं गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

पुढच्या गुरुवारी मीही गेलो. बाहेर बाकावर बसलो. धुरपताबाईनं या वेळी संगीतालाही फोन केला होता. ती नर्सिंगच्या गणवेशातच पळत आली.

"आई, तू मले सांगतलं काहून नाई?"

"तुई परीक्षा."

"मी कायची परीक्षा देऊन राह्यली? लोकाच्या आया पाहाची?"

 पोरीनं आईचा हात धरला आणि तिला आत नेलं.

आत काय झालं ते संगीतानं सांगितलं. रत्नमालानं टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टरला ताग-प्लास्टिकचं विचारलं. डॉक्टरांनी परखी म्हणजे काय ते समजून घेतलं आणि म्हणाल्या, "सुईनं कॅन्सर पसरून माणूस दगावत नाही. हे जगभर तपासून पाहिलेलं आहे. भोक दोन दिवसांत मिटतं. न तपासता ठेवली आणि आत काही असलं, तर मात्र ते वाढत राहतं." आधी जागा बधिर केली. मग टक असा आवाज, चार वेळा. शेवईएवढे चार तुकडे निघाले. वर पट्टी. रत्नमाला बाहेर आली आणि तिनं पहिल्यांदा पट्टीवर हात ठेवून पाहिलं, ओलं लागतं का. लागलं नाही.

रिपोर्टला आठ दिवस.

ते आठ दिवस मी पाहिले. डॉक्टरांनी जड उचलू नको म्हटलं होतं, म्हणून दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी आली. चाळणी धुरपताबाईनं घेतली, हिनं घमेलं. घमेलं भरण्याचा वेग इतका की धुरपताबाईची मनगटं सुजली. "थांब वं, सोयाबीन काय पळून राह्यला!" ती थांबत नव्हती. बसली की हात पट्टीवर जायचा, म्हणून बसायचीच नाही. जेवायची नाही, भाकरी टपरीवरच्या कुत्र्याला. रविवारी बाजार बंद, तरी येऊन रिकामा ओटा झाडून गेली. दौलतरावाचा मला फोन आला, तो मला कधी फोन करत नाही. म्हणाला, "गुलाबभाऊ, ते घरातलं सारं धान्य काढून निवडून राह्यली. निवडलेलंच परत निवडून राह्यली. काय करू?" मी म्हणालो, जवळ बसा आणि तुम्हीही निवडा. मला दुसरं सुचलं नाही.

आठव्या दिवशी सगळे गेलो. नंबर अकरावा होता. बाकावर रत्नमालाच्या मुठीत चार सोयाबीनचे दाणे होते, ती ते एकमेकांवर घासत होती. नवव्या नंबरची बाई आत गेली आणि रडत बाहेर आली. तिच्याबरोबर आलेला माणूस भिंतीला टेकला. दहाव्या नंबरला बोलावलं.  धुरपताबाई भाकरीचं गाठोडं सोडत होती, पुन्हा बांधत होती. 

अकरा.

या वेळी दार उघडं राहिलं, म्हणून मला ऐकू आलं. डॉक्टर कागदावर बोट ठेवून सावकाश बोलत होत्या. "चारही तुकड्यांत कॅन्सरच्या पेशी नाहीत. मार लागून आतली चरबी मेली आणि कडक झाली. म्हणून टणक लागते, म्हणून कातडी ओढली. हात, फोटो आणि सुई, तिन्ही मी जुळवून पाहिलं. जुळतं. कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. यायचंच. आणि मध्ये गाठ वाढली, बोंडीतून काही आलं, काखेत काही लागलं, तर सहा महिने थांबायचं नाही."

रत्नमालानं विचारलं, "खडा नाई?"

"नाही."

"ढेकूळ हाये?"

डॉक्टरांना कळलं नाही. संगीतानं सांगितलं, हो म्हणा.

बाहेर आल्यावर ती रडली नाही. बाकावर बसली आणि धुरपताबाईनं आणलेली भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या. मग तिसरी मागितली. नवव्या नंबरची ती बाई अजून भिंतीपाशीच होती. रत्नमाला उठून तिच्याजवळ गेली आणि शेजारी बसली. काय बोलली ते मला माहीत नाही. एसटी गेली, पुढच्या एसटीनं आलो.

सहा महिन्यांनी ती पुन्हा गेली. गाठ निम्मी झाली होती. संगीता मेमध्ये पास झाली. या काळात बाजारातल्या सात बाया वाशिमला जाऊन तपासून आल्या. एकीची सुई झाली. ती पळाली नाही.

रुमालाची पुरचुंडी धुरपताबाईकडंच होती. तिनं एक दिवस ओट्यावर सगळ्यांसमोर ती परत केली. "घे वं, तुयं पांढरं पातळ. आता नेसतं काय?" रत्नमालानं रुमाल सोडला नाही, तसाच कमरेला खोचला आणि दुपारी फाट्यावरच्या वेल्डरकडं गेली. मला बरोबर नेलं, माप सांगायला. तीन पायांची लोखंडी तिकटी, वर कडी, कडीतून दोन साखळ्या, साखळ्यांना चाळणी अडकवायची. वजन साखळीवर, हातांनी फक्त झोका द्यायचा. कड छातीला नाही, पोटाला नाही, कुठंच टेकत नाही. वेल्डरनं एक पाय बोटभर लांब ठेवला होता. तिनं तो परत कापायला लावला आणि नीट होईपर्यंत उभी राहिली.

झाडणाच्या पैशात तेवढंच बसलं. पहिल्या दिवशी जोडीचे सत्तेचाळीस कट्टे झाले.